वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रोडवरचा निळा थर

गेल्या अंकात मी मज्जासंस्थेला जोडायच्या इलेक्ट्रोडांविषयी लिहिलं होतं. शरीरात बसवायच्या धातूच्या बारीक टोकावर पेडॉट नावाच्या वाहक पॉलिमरचा पातळ थर दिला, तर चेतापेशींचे संदेश अधिक स्वच्छ पकडता येतात आणि त्यांना संदेश देणंही सोपं जातं, असा त्याचा आशय होता. त्यावर पत्रं भरपूर आली. त्यांतल्या सहांना इथे उत्तरं देते. ‘या थराने अर्धांगवायू बरा होतो का’ असं विचारणारी पत्रं बरीच होती. त्या सगळ्यांचं उत्तर रत्नागिरीच्या पत्राखाली आहे.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, असं आम्ही शाळेत वर्षानुवर्षं शिकवतो. तुम्ही मेंदूतल्या तारेवर प्लास्टिकच लावायला निघालात. मुलांना आता काय सांगायचं?
— माध्यमिक शिक्षक, इस्लामपूर

सर, जे सांगता तेच सांगत राहा. बादलीचं, पिशवीचं आणि वायरच्या आवरणाचं प्लास्टिक विद्युतरोधकच आहे. पॉलिथिनच्या साखळीत कार्बनचे सगळे बंध एकेरी असतात. इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात अडकलेले असतात आणि त्यांना हलायला वाव नसतो. साखळीत एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी अशी रांग लागली की चित्र बदलू लागतं. पण तेवढ्याने भागत नाही, आणि नववी-दहावीच्या हुशार मुलांना नेमकं हेच सांगण्याजोगं आहे. त्या साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. मग जी रिकामी जागा उरते, ती साखळीवरून सरकत जाते. वीज वाहते ती अशी.

हे पहिल्यांदा ठसठशीत दिसलं १९७७ साली. त्याच्या काही वर्षं आधी टोकियोतल्या हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी उत्प्रेरक हजारपट जास्त घातला होता. काळी भुकटी मिळायची, त्याऐवजी चांदीसारखी चकाकणारी पॉलिअॅसिटिलीनची फिल्म तयार झाली. पुढे शिराकावा अमेरिकेत अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्याकडे गेले. तिघांनी त्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा तिची वाहकता कोटीच्या पटीत वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

पॉलिअॅसिटिलीन हवेत टिकत नाही, त्यामुळे ते बाजारात कधी आलं नाही. बाजारात आलं पेडॉट. ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेव्हरकुसेनला बायर कंपनीत तयार झालं, आणि त्या वेळी मेंदूचा विचार कुणाच्याही डोक्यात नव्हता. आग्फाला फोटोच्या फिल्मवर साचणारी स्थिरविद्युत घालवायची होती. कोरडी रिळं उलगडताना ठिणगी पडली की फोटोवर डाग उमटायचे. पेडॉट एकटं पाण्यात मिसळत नाही, म्हणून त्याला पीएसएस नावाच्या दुसऱ्या पॉलिमरची जोड दिली. पीएसएसवरचे ऋण प्रभार पेडॉटचे धन प्रभार सांभाळतात आणि मिश्रण पाण्यात पसरवता येतं. फिल्मवर फासण्यासाठी केलेली ही सोय पुढे वेगळ्याच कारणाने कामी आली. हा पदार्थ पाणी शोषतो, त्यातून आयनही (प्रभार असलेले अणू) फिरतात आणि इलेक्ट्रॉनही. शरीरात वीज आयनांवर चालते आणि तारेत इलेक्ट्रॉनांवर. पेडॉटला दोन्ही जमतं. हे लक्षात आल्यावर २०००च्या आसपास मिशिगन विद्यापीठात डेव्हिड मार्टिन यांच्या गटाने मेंदूच्या इलेक्ट्रोडांवर आधी पॉलिपायरोल हा दुसरा वाहक पॉलिमर आणि मग पेडॉट चढवायला सुरुवात केली.

मी विद्युत अभियंता आहे, आता निवृत्त. प्लॅटिनमपेक्षा तुमचं पेडॉट लाखपटीने वाईट वाहक आहे. चांगल्या वाहकावर वाईट वाहकाचा थर दिल्यावर रोध कमी होतो, हे मला पटत नाही.
— वाचक, ठाणे

पटू नये असंच आहे ते. आकडे घेऊन बसू या.

पंधरा मायक्रॉन व्यासाचं एक टोक घ्या. एका चेतापेशीचा आवाज ऐकायला साधारण एवढंच टोक लागतं. त्यावर एक मायक्रॉन जाडीचा पेडॉटचा थर द्या आणि त्याची वाहकता अगदी कमी धरा, सेंटिमीटरला एक सीमेन्स. थराचा स्वतःचा रोध किती येतो? साठ ओमच्या आत. तुमची तक्रार खरी आहे, पण ती साठ ओमची आहे.

खरी अडचण धातूत नसून धातू आणि खारं पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर आहे. तिथे इलेक्ट्रॉन थांबतात, पलीकडे आयन उभे राहतात आणि मधे एक कपॅसिटर तयार होतो. गुळगुळीत धातूवर तो चौरस सेंटिमीटरला वीसेक मायक्रोफॅरड असतो. आपल्या इवल्याशा टोकाच्या वाट्याला त्यातले ३५ पिकोफॅरड येतात. एक किलोहर्ट्झला हिशोब करा, साडेचार मेगाओम निघतात. मेंदूच्या संकेतांच्या वाटेतली भिंत ही आहे.

पेडॉटमध्ये आयन आतपर्यंत शिरतात, त्यामुळे साठवण पृष्ठभागापुरती राहत नाही. ती सगळ्या घनफळात होते, घनसेंटिमीटरला सुमारे चाळीस फॅरड. एक मायक्रॉनच्या थरासाठी हे चौरस सेंटिमीटरला चार हजार मायक्रोफॅरड झाले, म्हणजे सपाट धातूच्या दोनशेपट. साडेचार मेगाओमचे बावीस किलोओम होतात. त्यात भोवतालच्या द्रवाचा रोध, तोही साधारण तेवढाच, मिळवला की एकूण इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा एकंदर अडथळा, तीसेक किलोओम येतो. प्रत्यक्ष मोजमापं इतकी सुबक नसतात. धातू थोडा खडबडीत असतो, थर सगळीकडे सारखा नसतो. पण एक ते दोन शून्यांची घट नेहमी दिसते.

त्याचा उपयोग तुम्हाला वेगळा सांगायला नको. इम्पीडन्समधला रोधाचा भाग एक मेगाओम असेल, तर शरीराच्या तापमानाला आणि दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात नुसता औष्णिक गोंगाट १३ मायक्रोव्होल्ट होतो. तीस किलोओमला तो सव्वादोनवर येतो. पेशीचा संकेत कधीकधी पन्नास मायक्रोव्होल्टचाच असतो. तेरा आणि सव्वादोन यांतला फरक तिथे कळतो.

आता उलटी दिशा, म्हणजे पेशीला संदेश देणं. प्लॅटिनममधून एका स्पंदात चौरस सेंटिमीटरला ५० ते १५० मायक्रोकूलॉमपर्यंत प्रभार सुरक्षितपणे देता येतो. त्यापुढे गेलं की पाण्याचं विघटन सुरू होण्याची भीती. कंपवातासाठी मेंदूत बसवतात त्या इलेक्ट्रोडचा एकेक पट्टा सुमारे सहा चौरस मिलिमीटरचा असतो. तीन मिलिअॅम्पिअरचा साठ मायक्रोसेकंदांचा स्पंद दिला, तर चौरस सेंटिमीटरला तीनच मायक्रोकूलॉम जातात. तिथे पेडॉटची गरज नाही आणि कुणी ते सुचवलं तर मी कपाळाला आठ्या घालीन. पण पन्नास मायक्रॉन व्यासाच्या टोकातून दहा नॅनोकूलॉम द्यायचे म्हटले, तर हाच आकडा पाचशेवर जातो. प्लॅटिनम तिथे हात टेकतं. पेडॉटची मर्यादा मिलिकूलॉममध्ये मोजतात. म्हणून हा थर छोट्या टोकांसाठी आहे. मोठ्या टोकांवर तो लावणं हौसेचं काम.

माझ्या दोन वर्षांच्या मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन ठरलं आहे. घरातले म्हणतात, नवीन प्लास्टिकच्या थराचं येतंय तर थांबू या. थांबावं का?
— एक आई, जळगाव

ताई, थांबू नका.

आज बसवतात त्या इम्प्लांटच्या कानातल्या तारेवर प्लॅटिनमचे पट्टे असतात. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली बहुचॅनेलचं पहिलं इम्प्लांट बसवलं, तेव्हापासून हाच धातू वापरात आहे. त्याची माणसाच्या शरीरातली इतकी वर्षांची परीक्षा झालेली आहे. वाहक पॉलिमरवर कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही संशोधन चालतं, पण त्याचा हेतू पट्टे लहान करून जास्त संख्येने बसवणं हा आहे. तुमच्या मुलीला आज मिळणार आहे त्यात काही उणं आहे असा त्याचा अर्थ नाही. भाषा शिकायची पहिली वर्षं मात्र खरोखर निघून जातात. कान उघडायला उशीर झाला, तर मेंदूचा तो भाग दुसऱ्या कामाला लागतो.

ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं नंतरचं श्रवण-वाचा प्रशिक्षण. ते कुठे, आठवड्यातून किती वेळा आणि घरी कोण करून घेणार, हे आत्ताच ठरवा. खर्चाची अडचण असेल तर केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या साधनसाहाय्य योजनेची चौकशी करा. मुंबईत बांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्यात मध्यवर्ती काम बघते. घरातल्यांना माझं नाव सांगा आणि हे पान वाचून दाखवा.

पेडॉट ‘मेंदूइतकं मऊ’ असतं, म्हणून त्याच्याभोवती व्रण होत नाही, असं एका सादरीकरणात ऐकलं. खरं आहे का?
— एम.बी.बी.एस.चा विद्यार्थी, मिरज

सादरीकरण करणाऱ्याने आकडे दाखवले होते का? सिलिकॉनची ताठरता १७० गिगापास्कलच्या आसपास. मेंदूची काही किलोपास्कल. आणि पेडॉट-पीएसएसची कोरडी फिल्म एक-दोन गिगापास्कलची असते. सिलिकॉनहून शंभरपट मऊ, हे खरं, पण मेंदूहून अजून लाखो पट ताठ. पाणी शोषल्यावर आकडा खाली येतो. तरीही सिलिकॉनच्या सुईवर एक मायक्रॉनचा थर फासला म्हणून सुई मऊ होत नाही. मेंदू नाडीबरोबर आणि श्वासाबरोबर हलतो, सुई हलत नाही. मायक्रोग्लिया आणि अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशी जमून व्रण करतात तो त्या घासण्यामुळे आणि सुई घुसवताना तुटलेल्या रक्तवाहिन्यांमुळे.

मऊपणा आणायचा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, सगळा आधारच पातळ करणं. वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो. जाडी दहापट कमी केली की तो हजारपट उतरतो. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली न्यूरोग्रिड नावाची जाळी तयार झाली, ती पॅरिलिन नावाच्या प्लास्टिकच्या चार मायक्रॉन जाडीच्या फिल्मवर होती. तिच्यावर पेडॉट-पीएसएसचे दहा मायक्रॉनचे चौकोन होते. ती मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती ठेवली, कुठेही टोचली नाही, तरी एकेका पेशीचे स्पंद ऐकू आले. तिथे पेडॉटने आपलं काम चोख केलं, म्हणजे एवढ्याशा चौकोनाचा इम्पीडन्स खाली ठेवला. मऊपणा पॅरिलिनच्या जाडीतून आला. श्रेय ज्याचं त्याला द्यावं. दुसरा मार्ग म्हणजे पेडॉट हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलमध्ये गुंफणं. त्यावर रायली ग्रीन यांचं आधी सिडनीत आणि नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात झालेलं काम वाचण्यासारखं आहे.

वाहक पॉलिमरचा आणखी एक गुण तुला डॉक्टर म्हणून आवडेल. थरातच ऋण प्रभाराचं औषध अडकवून ठेवता येतं आणि विजेच्या इशाऱ्यावर सोडता येतं. पिट्सबर्गमध्ये २००६ साली पॉलिपायरोलमधून डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं औषध असं सोडून दाखवलं. साठा मात्र फार थोडा असतो. पहिल्या काही दिवसांचा दाह आवरायला तो ठीक, वर्षभराच्या उपचाराला पुरणारा नव्हे.

मस्कच्या चिपमध्ये हेच प्लास्टिक आहे का? वडिलांना पक्षाघात झाला आहे. त्यांना असं काही बसवता येईल का?
— वाचक, रत्नागिरी

मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीच्या २०१९ सालच्या निबंधात पॉलिइमाइडच्या धाग्यांवर सोन्याची टोकं होती. त्या टोकांवर दोन लेप तपासले होते, पेडॉट-पीएसएस आणि इरिडियम ऑक्साइड. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाला त्यांचं यंत्र बसवलं. त्यातले काही धागे पुढे मेंदूतून मागे सरकले. तो प्रश्न लेपाचा नव्हता, धागा जागेवर राहण्याचा होता.

वडिलांविषयी स्पष्ट लिहिते. अशी यंत्रं अजून चाचणीतच आहेत आणि त्या चाचण्या मुख्यतः मानेचा मणका दुखावलेल्यांवर आणि मोटर न्यूरॉनच्या आजारांवर होत आहेत. पक्षाघातानंतर पहिल्या महिन्यांत नियमित फिजिओथेरपीने जे मिळतं, ते यातून आज मिळणार नाही. ‘परदेशातली चिप’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आपल्याकडे काय चाललंय, हेही तुम्ही विचारलंत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात के. एस. नारायण यांच्या गटाने अर्धवाहक पॉलिमरचा थर कोंबडीच्या गर्भाच्या, अजून दृष्टी न आलेल्या दृष्टिपटलाला जोडला. त्यावर प्रकाश टाकला तर चेतापेशींनी प्रतिसाद दिला. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. पॉलिमर वेगळा आणि उपयोगही वेगळा, पण भाऊबंदच.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी सोनं चढवलेल्या काचेवर पेडॉट-पीएसएसचा थर विद्युतरासायनिक पद्धतीने देते. थर सुंदर निळा येतो, इम्पीडन्सही उतरतो. पण सुकला की तडकतो आणि पुन्हा मिठाच्या पाण्यात घातला की सालपटासारखा सुटतो. काय चुकतंय?
— विद्यार्थिनी, नांदेड

तुझ्या प्रश्नाची मी वाट बघत होते. वाहकता, इम्पीडन्स, प्रभाराची मर्यादा ही गाणी सगळे गातात. या क्षेत्राचं घोडं अडलंय ते तू लिहिलंस तिथे. थर सुटला की उघडं सोनं उरतं, रुग्णाला त्यासाठी पुन्हा भूल देता येत नाही आणि सुटलेलं सालपट मेंदूत कुठे जाईल ते सांगता येत नाही.

माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात होती. तिथला फोरमन रेक्टिफायरकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या यंत्राकडे बघायचाच नाही. माल परत आला की तो थेट डिग्रीसिंग आणि पिकलिंगच्या, म्हणजे तेल काढायच्या आणि आम्लात धुवायच्या टाक्यांकडे जायचा. थर सुटतो तो थर देण्याआधीच्या कामात, हे त्याचं म्हणणं मी पुढे प्रयोगशाळेतही कधी खोटं ठरलेलं पाहिलं नाही. म्हणून पहिला प्रश्न: सोनं कसं धुतेस? नुसत्या अॅसिटोन आणि अल्कोहोलवर थांबू नकोस. पातळ सल्फ्युरिक आम्लात व्होल्टेजच्या फेऱ्या दे आणि वक्र एकावर एक बसेपर्यंत देत राहा. मग न सुकवता लगेच ईडॉटच्या (ज्या रेणूपासून पेडॉट बनतं त्याच्या) द्रावणात घाल.

दुसरं, थर किती जाड देतेस ते तू लिहिलं नाहीस. बहुतेक फार जाड देत असशील, कारण जाड थराचा इम्पीडन्स छान दिसतो आणि मार्गदर्शक खूश होतात. जाडीबरोबर थरातला ताण वाढतो. तुझ्या थरातलं पीएसएस अवाढव्य आहे, ते जागचं हलत नाही. त्यामुळे प्रभार बदलताना सोडियमसारखे धन आयन पाणी घेऊन आत-बाहेर करतात आणि थर फुगतो, आक्रसतो. खालचं सोनं जसंच्या तसं राहतं. हा सगळा ताण सीमेवर येतो, आणि सीमेवर सोन्याचा आणि पेडॉटचा रासायनिक बंध जवळजवळ नसतोच. सोनं निवांत धातू आहे, कुणाशी जोडून घेत नाही. कडांना प्रवाह एकवटतो म्हणून तिथे थर आणखी जाड येतो. प्लेटिंगमध्ये कडा जळतात त्याचंच हे भावंड. सालपट कडेपासूनच सुटतंय ना, सूक्ष्मदर्शकाखाली बघ.

तिसरं, खाली आधार दे. फ्रायबर्गमध्ये मारिया आस्प्लंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली इरिडियम ऑक्साइडवर, तसंच गवतासारख्या खरखरीत प्लॅटिनमवर पेडॉट चढवून ते टिकवून दाखवलं. त्याच वर्षी मिशिगनहून डेलावेअरला गेलेल्या डेव्हिड मार्टिन यांच्या गटाने अमाइन लावलेलं ईडॉट आधी पृष्ठभागाला रासायनिकरीत्या बांधलं आणि त्यावर नेहमीचं पेडॉट वाढवलं. २०२०मध्ये एमआयटीत पॉलियुरेथेनचा अतिशय पातळ चिकट थर मधे घालून हेच साधलं. नांदेडमध्ये इरिडियमचं स्पटरिंग (निर्वातात धातूचा थर देणं) मिळणं अवघड, हे मला कळतं. प्लॅटिनम मात्र क्लोरोप्लॅटिनिक आम्लातून खरखरीत चढवता येतं. ते महाग आहे, पण तुझ्या टोकांना लागणार चिमूटभर.

मोजमापांबद्दल एक सांगते, कारण निबंधांतही इथे हातचलाखी चालते. थर दिल्या दिल्या घेतलेला इम्पीडन्स छापू नकोस. नमुना फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे शरीरद्रवासारख्या खाऱ्या द्रावणात ३७ अंशांवर ठेव, दुसरा ६० अंशांवर ठेव म्हणजे जुनेपण लवकर येईल. रोज एक किलोहर्ट्झला मोज. दुसऱ्या गटाला आधी ऋण, मग धन असे समतोल स्पंद दे. व्होल्टेज फार वर नेऊ नकोस, जास्त ऑक्सिडीकरणाने पेडॉट कायमचं मरतं आणि ते सालपट सुटण्यासारखं डोळ्यांना दिसत नाही. अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात घालून बघण्याला काही जण कसोटी म्हणतात. ती कठोर आहे पण आंधळी आहे, शरीरात तसा मार बसत नाही. ती शेवटी ठेव.

आणि मधे सुकवू नकोस. शरीरात तो थर सुकणार नाही, मग प्रयोगशाळेत कशाला? साठवताना आणि निर्जंतुक करताना सुकवावं लागेल, ही खरी अडचण आहे, म्हणून एक नमुना मुद्दाम सुकवून, पुन्हा भिजवून वेगळा मोज आणि प्रबंधात त्याचा आलेख शेजारी दे. परीक्षक तेच विचारतील. मी असते तर मीही विचारलं असतं.